एका वादळाची जबानी

डिसेंबर १७०३ च्या पहिल्या आठवड्यात लंडनच्या वृत्तपत्रात एक जाहिरात छापून आली. नुकत्याच होऊन गेलेल्या भयंकर वादळाची खरीखुरी हकिगत गोळा करण्याचे काम चालू आहे. तरी ज्यांनी आपापल्या गावात जे पाहिले असेल ते त्यांनी लिहून पाठवावे, धर्मोपदेशकांनी तर आवर्जून पाठवावे, अशी तिच्यात विनंती होती. वादळ सरून जेमतेम आठवडा झाला होता. लंडनच्या रस्त्यांवर विटा-कौलांचे ढीग तसेच पडून होते आणि दक्षिण किनाऱ्यावर अजून प्रेते लागत होती.

जाहिरातीमागचा माणूस होता डॅनियल डीफो. पुढे १७१९ साली 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा हाच. पण १७०३ साली त्याची ओळख होती ती बुडालेला व्यापारी आणि सत्ताधाऱ्यांना बोचणारी पत्रके लिहिणारा माणूस अशी. अशाच एका पत्रकापायी त्याला जुलैमध्ये तीन दिवस भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले होते. नंतर न्यूगेटच्या तुरुंगात दिवस काढून नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुटला. मधल्या काळात टिलबरी इथला त्याचा विटा-कौलांचा कारखाना बसला. डोक्यावर कर्ज, घरात बायको आणि पोरेबाळे, अशा अवस्थेत घरी परतलेल्या या माणसासमोर काही आठवड्यांतच इंग्लंडच्या इतिहासातले सर्वांत मोठे वादळ येऊन उभे राहिले. इकडे महाराष्ट्रात तेव्हा ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठे औरंगजेबाशी झुंजत होते. हवामानखाते नावाची चीज तेव्हा जगात कुठेच नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यापासूनच वारे माजले होते. पंधरवडाभर ते कमी-जास्त होत राहिले, पण थांबले नाहीत. बुधवारी, २४ तारखेला, रस्त्याने जाताना एका घराचा काही भाग डीफोच्या जवळच कोसळला आणि तो थोडक्यात वाचला. शुक्रवारी २६ तारखेच्या रात्री त्याने घरातल्या वायुभारमापकाकडे पाहिले. पारा इतका खाली उतरला होता की त्याचा विश्वासच बसेना. मुलांनी नळीला हात लावून काहीतरी बिघडवले असणार, असे त्याला वाटले. नळी ठीक होती. टोरिचेलीने १६४३ मध्ये लावलेला शोध साठ वर्षांत खात्यापित्या इंग्रजी घरांच्या भिंतीवर येऊन लटकला होता. पारा उतरला की हवा बिघडणार, इतपत ज्ञान लोकांना होते. तो इतका उतरला तर काय होते, हे मात्र कुणीच पाहिलेले नव्हते.

मध्यरात्रीनंतर वाऱ्याने कहर केला. डीफोच्या घरातल्यांनी बाहेर पळायचे ठरवून दार उघडले, तर अंधारात कौले आणि विटा गोळ्यांसारख्या सुटलेल्या. बाहेर मरण नक्की होते, आत कदाचित टळणार होते. म्हणून सगळे घरातच थांबले. डीफो लिहितो, की कौले तीस-चाळीस यार्ड उडत जाऊन टणक जमिनीत पाच ते आठ इंच रुतलेली त्याने पाहिली. लंडनमध्ये सुमारे दोन हजार धुराडी कोसळली. सेंट जेम्सच्या राजवाड्यात राणी ॲनला तळघराचा आसरा घ्यावा लागला. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावरचे शिसे उखडले गेले. वेल्स शहरातल्या राजप्रासादवजा निवासात बिशप रिचर्ड किडर आणि त्यांची पत्नी झोपेतच धुराड्याखाली चिरडली गेली. न्यू फॉरेस्ट या राखीव जंगलात चार हजार ओक आडवे झाले. डीफोने स्वतः घोड्यावरून केंट परगण्यात फिरून उन्मळलेली झाडे मोजायला सुरुवात केली आणि सतरा हजारांवर पोचल्यावर मोजणे सोडून दिले. चारशेहून अधिक पवनचक्क्या मोडल्या. काहींची पाती इतक्या वेगाने फिरली की घर्षणाने लाकूड पेटून चक्की जळाली.

जमिनीवर मेलेल्यांचा आकडा डीफोने १२३ असा नोंदवला आहे. समुद्रावरचा हिशेब मात्र अंगावर काटा आणणारा आहे. त्या वर्षी इंग्लंड स्पॅनिश वारसायुद्धात गुंतले होते आणि मोहिमेवरून परतलेले आरमार हिवाळ्यासाठी किनाऱ्यालगत नांगरून पडले होते. केंटच्या किनाऱ्यासमोर गुडविन सँड्स नावाची वाळूची पट्टी आहे. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला बुडते. त्या रात्री नॉर्थंबरलँड, स्टर्लिंग कॅसल, रेस्टोरेशन आणि मेरी या चार युद्धनौका नांगर तोडून त्या पट्टीवर आदळल्या आणि एक हजारावर खलाशी बुडाले. 'मेरी'वर तेव्हा असलेल्यांपैकी रिअर ॲडमिरल बोमाँटसह सगळे गेले. टॉमस ॲटकिन्स नावाचा एकच खलाशी वाचला. एका लाटेने त्याला 'मेरी'वरून उचलून 'स्टर्लिंग कॅसल'वर टाकले आणि ते जहाजही फुटू लागल्यावर दुसऱ्या लाटेने एका होडीत फेकले. ॲडमिरल शॉव्हेलच्या ताफ्यातले 'असोसिएशन' तर वाऱ्याबरोबर वाहवत थेट स्वीडनमधल्या गोथेनबर्गला लागले. आरमाराची तेरा जहाजे गेली. व्यापारी गलबते आणि मासेमारांच्या होड्या धरून समुद्रावर आठ हजारांपेक्षा कमी माणसे मेली नसावीत, असे मानले जाते.

वाळूच्या पट्टीवर काही खलाशी ओहोटीत जिवंत उतरले होते. पुढच्या भरतीला ते नक्की बुडणार होते. डीफोकडे आलेल्या हकिगतीनुसार, डील गावच्या होड्या त्या बाजूला गेल्या खऱ्या, पण तरंगणारा माल गोळा करण्यासाठी. गावचा महापौर सायमन प्रिचर्ड याने मग जकातखात्याकडे होड्या मागितल्या. त्या मिळेनात तेव्हा जबरीने घेतल्या आणि वाचवलेल्या दर माणसामागे पाच शिलिंग पदरचे द्यायचे कबूल करून लोकांना समुद्रावर पाठवले. दोनशेहून अधिक खलाशी त्यामुळे वाचले. डीफोने प्रिचर्डचे नाव लिहून ठेवले नसते, तर ते आज कुणाला ठाऊकही झाले नसते.

प्लिमथपासून चौदा मैलांवर भर समुद्रातल्या एडिस्टन खडकावर हेन्री विन्स्टन्लीने बांधलेले दीपगृह उभे होते. १६९८ च्या नोव्हेंबरात त्यात पहिल्यांदा दिवा लागला आणि पुढच्याच वर्षी त्याने ते अधिक भक्कम व उंच केले. आपल्या बांधकामावर त्याचा इतका भरवसा होता, की आजवरच्या सर्वांत मोठ्या वादळात आपण या दीपगृहात असावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. त्या रात्री तो दुरुस्तीच्या कामासाठी तिथेच होता. सकाळी खडकावर काही लोखंडी सळया तेवढ्या उरल्या होत्या. दोनच दिवसांनी व्हर्जिनियाहून येणारे 'विंचेल्सी' हे जहाज दिवा नसल्यामुळे त्याच खडकावर फुटले.

पश्चिमेला, सेव्हर्नच्या मुखाशी, वाऱ्याइतकेच पाणी जिवावर उठले. तिथली खाडी नरसाळ्यासारखी आत निमुळती होत जाते आणि तिथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोट्यांपैकी एक आहे. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वर येते. त्यातच नैऋत्येचा वारा समुद्राचे पाणी खाडीच्या तोंडात रेटत होता. या दोन्हींची भरतीशी गाठ पडली की पाण्याला जायला जागाच उरत नाही. कोकणात ज्याला खारबंदिस्ती म्हणतात तसे बांध तिथल्या खारजमिनींभोवती घातलेले होते. ते फुटले. खाडीकाठची सुमारे पंधरा हजार मेंढरे बुडाली. ब्रिस्टल शहरात व्यापाऱ्यांच्या तळघरांत पाणी शिरून साखर आणि तंबाखू नासली.

हे सगळे आपल्याला इतक्या बारकाव्याने माहीत आहे, याचे श्रेय त्या जाहिरातीला आहे. उत्तरे आली ती खेड्यापाड्यांतून. लिहिणारे बहुतेक गावचे धर्मोपदेशक. शिवाय वैद्य, जमीनदार आणि जहाजांवरचे लोक. चर्चचे शिखर कुठल्या दिशेला पडले, किती कोठारे जमीनदोस्त झाली, वारा किती वाजता फिरला, हे त्यांनी कळवले. शिशाचे जाड पत्रे चटईसारखे गुंडाळले जाऊन शेतात पडल्याची वर्णने जागोजागच्या पत्रांत आहेत. यांपैकी सुमारे साठ पत्रे डीफोने निवडली, लिहिणाऱ्यांची नावे-गावे जिथे देता आली तिथे दिली आणि १७०४ च्या उन्हाळ्यात 'द स्टॉर्म' हे पुस्तक छापून काढले. प्रस्तावनेत त्याने स्वतःवर एक जबाबदारी घेतली आहे. बोललेला शब्द समोरच्या मूठभरांपर्यंत पोचतो, छापलेला पिढ्यान् पिढ्या राहतो. म्हणून छापणाऱ्याने खोटे लिहिले तर तो पुढच्या सगळ्यांना फसवतो, असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर अनेकांच्या साक्षी जमवून लिहिलेले हे इंग्रजीतले अगदी आरंभीचे पुस्तक. वार्ताहराचा धर्म काय असतो, हे इथे पहिल्यांदा इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितले गेले.

कौलांच्या भावाची नोंदही त्याने केली. हजार कौलांना वादळाआधी २१ शिलिंग पडत, वादळानंतर ६ पौंड, म्हणजे जवळजवळ सहापट. परवडेना म्हणून गरिबांनी छपरांवर फळ्या टाकल्या आणि तसाच हिवाळा काढला. बुडालेल्या कौलकारखान्याचा मालक हे लिहीत होता. पुस्तकात त्याने स्वतःच्या नुकसानीचे रडगाणे कुठेही गायलेले नाही.

या पत्रांमधला एक धागा फार विलक्षण आहे, तो मिठाचा. समुद्रापासून कित्येक मैल आत, झुडपांच्या काटक्या आणि पाने चाखली तर खारट लागतात, असे ससेक्स-केंटकडच्या लोकांनी कळवले. ही माणसे नुसते पाहून थांबली नाहीत; पान तोडून जिभेवर ठेवून त्यांनी खात्री करून घेतली. उत्तर समुद्राच्या पलीकडे, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात, त्याच वादळात आणखी एक माणूस हेच तपासत होता. हॉलंडमध्ये नवी दिनदर्शिका चालू असल्यामुळे तिथे तारीख ८ डिसेंबर होती. इंग्लंड जुन्या गणनेनुसार अकरा दिवस मागे होते. वाऱ्याने उडालेल्या पाण्याने आपल्या खिडक्यांच्या काचा अंधूक झालेल्या त्याने पाहिल्या, काचेवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात मिठाचे स्फटिक ओळखले. समुद्र त्याच्या घरापासून काही मैल दूर होता. हा माणूस म्हणजे कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक, सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा. त्याचे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले.

एसेक्समधल्या अपमिन्स्टर गावचा धर्मोपदेशक विल्यम डरहॅम हा अशा हौशी निरीक्षकांचा मेरुमणी म्हणावा लागेल. १६९७ पासून तो पाऊस मोजत होता. पारा आणि वारा रोज लिहीत होता. वाऱ्याला त्याने अंक दिले होते. शांत हवा म्हणजे शून्य. १६९९ च्या फेब्रुवारीतल्या एका भयंकर वादळाला त्याने १० दिले होते. या वादळाला १५ किंवा त्याहून जास्त द्यावे लागतील, असे त्याने लिहिले. एवढ्यावर तो थांबला नाही. लँकाशायरमध्ये रिचर्ड टाउन्ली हा जमीनदार १६७७ पासून पाऊस मोजत होता आणि पाऱ्याचीही नोंद ठेवत होता. डरहॅमने वादळाच्या आधीचे, वादळातले आणि नंतरचे त्याचे व आपले आकडे एकाच कोष्टकात शेजारी-शेजारी मांडले. दोन गावांमधला पारा एकाच वेळी ताडून पाहणे, ही आज हवामानाचा नकाशा काढणाऱ्याची पहिली पायरी आहे. अपमिन्स्टरच्या त्या पुढारलेल्या माणसाला नकाशा काढता आला नाही, कारण त्याच्याकडे दोनच ठिकाणचे आकडे होते.

डीफोने आपल्या पुस्तकात वाऱ्याची बारा पायऱ्यांची यादी दिली आहे. स्तब्ध हवेपासून सुरू होऊन ती तुफानापाशी संपते. शब्द सगळे दर्यावर्दी लोकांच्या तोंडचे होते. शंभर वर्षांनी, जानेवारी १८०६ मध्ये, फ्रान्सिस बोफर्ट या आरमारी अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत वाऱ्याची अशीच पायऱ्यांची मोजपट्टी लिहून काढली. १८३८ मध्ये ब्रिटिश आरमाराने ती अधिकृत केली आणि आज जगातले सगळे नाविक बोफर्टच्याच पट्टीने वारा सांगतात.

वादळ आले कुठून, याचाही डीफोने विचार केला होता. काही दिवस आधी अमेरिकेच्या किनाऱ्यावर तुफान झाल्याचे त्याच्या कानी आले होते, आणि हे तेच तर नसेल, असे त्याच्या मनात आले. त्याच्या काळात ही अटकळ तपासून पाहायची सोय नव्हती. ईश्वराचा कोप म्हणूनच देशाने ते वादळ स्वीकारले. १९ जानेवारी १७०४ रोजी राणीने राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळायला लावला. पण अटलांटिकवरची हिवाळी वादळे खरोखरच पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करतात. आपल्या अरबी समुद्रातली चक्रीवादळे उबदार पाण्याच्या वाफेवर पोसली जातात. युरोपची हिवाळी वादळे मात्र ध्रुवाकडची गार हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा जिथे भिडते तिथे, त्या दोहोंच्या तापमानातल्या तफावतीवर जोम धरतात. म्हणून ती एकेका वेळी अर्धा देश व्यापतात.

विसाव्या शतकात ह्युबर्ट लॅम या ब्रिटिश हवामान-इतिहासकाराने १७०३ च्या वादळाचा नकाशा तयार केला. हाताशी साहित्य काय होते? डरहॅम आणि टाउन्लीचा पारा, जहाजांच्या नोंदवह्या आणि डीफोकडे आलेली पत्रे. कुठे वारा कधी नैऋत्येकडून पश्चिमेला वळला, हे पत्रांतून जुळवून वादळाचा मध्य वेल्स व इंग्लंडच्या मध्यभागावरून उत्तर समुद्राकडे कसा गेला, हे त्याने दाखवले. मध्याचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास होता, असा त्याचा अंदाज. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचा हवामान-नकाशा काढता यावा, हे त्या पत्रलेखकांच्या कष्टांचे फळ आहे. त्यांना कुणी पगार दिला नव्हता.

हा वारसा पुढे चालू राहिला. जी. जे. सायमन्स याने १८६० मध्ये ब्रिटनभरच्या १६८ पर्जन्यमापकांचे आकडे एकत्र छापले. १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्याकडे नोंदी पाठवणारे हौशी निरीक्षक तीन हजारांवर गेले होते. आपल्याकडे कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन हा जहाजावर आयुष्य घालवलेला माणूस सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयावर काम करता करता कप्तानांच्या नोंदवह्या मागवून बंगालच्या उपसागरातली वादळे उलगडू लागला. इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द त्याने १८४८ च्या आपल्या पुस्तकात रूढ केला. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावले, की मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, एक दिवस समुद्र आत घुसून ते उद्ध्वस्त करील. कुणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. इशारा देणारा पिडिंग्टन त्याआधीच, १८५८ मध्ये, वारला होता. पोर्ट कॅनिंगच्या नाशाआधी, १८६४ च्या ऑक्टोबरातल्या वादळाने कोलकात्याच्या परिसरात हजारो माणसे मारली. त्या प्रलयाच्या धक्क्यातून सरकारी चक्रे हलू लागली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले.

नोंद नुसती असून भागत नाही, ती वेळेवर पोचावीही लागते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या हिवाळी वादळाने भरतीचे पाणी हॉलंड आणि पूर्व इंग्लंडवर लोटले. हॉलंडमध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसे मेली. उत्तरेकडची गावे आधी बुडाली. त्यांची खबर तासाभराने दक्षिणेकडच्यांना मिळती, तर पुष्कळ जीव वाचले असते. तो धडा घेऊन दोन्ही देशांनी सागरी पुराची इशारा-यंत्रणा आणि प्रचंड बांध उभारले.

आज उपग्रह आहेत, पुष्कळांच्या हातात वायुभारमापक असलेला फोन आहे. पण आपल्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढले, कुठल्या वाडीतली नारळी-पोफळी कुठल्या दिशेला पडली, खाडीचा बांध नेमका कुठे फुटला, हे उपग्रह सांगत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवसाची आठवण रायगड-रत्नागिरीत घराघरांत ताजी आहे. लिहिलेली मात्र फार थोडी आहे. ज्यांनी ते पाहिले त्यांनी गाव, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पाण्याची उंची एवढे चार रकाने वहीत भरून ठेवावेत. गावच्या शाळेने, वाचनालयाने त्या वह्या जपाव्यात. पुढचे वादळ येणारच आहे, आणि त्यापासून वाचायला आपल्या नातवंडांना आपल्या आठवणींपेक्षा आपल्या नोंदींचा उपयोग अधिक होईल.